सुशीच्या दातांची तार

हे मी माझ्या बायकोलाही कधी सांगितलं नाही. ती गेली तेव्हाही तिला वाटत होतं, भाची मागाच्या खड्ड्यात पडली आणि तिचे दात गेले. आज तुम्हाला सांगतोय, कारण — कारण काही नाही. सांगतोय.

आमचं घर शहापुरात, विणकराचं. इंग्रज अजून होते. थोरली बहीण, आक्का, खासबागेत दिलेली, दाजी शाळामास्तर. त्यांची एकुलती पोर सुशी. तान्ही असताना तिला वरचे दात आधी आले. आमच्यात ते मामाला जड मानतात, आणि मामा मी. तेव्हा मी हसण्यावारी नेलं. पुढे माझं पहिलं मूल पाळण्यातच गेलं, मग दुसरं — आणि सुशी दारात दिसली की माझं डोकं फिरायला लागलं. वरून मात्र जत्रेतून तिला बांगड्या आणायचो. माणूस इतका खोटा असतो का? मी होतो.

सुशी मोठी झाली तरी खालचे पुढचे दोन दात आलेच नाहीत. दुधाचेही कधी आले नव्हते. बाजूचे दात त्या फटीत कलंडले, वरचे एकमेकांवर चढले. लग्नाचं कसं व्हायचं, म्हणून दाजी तिला कॅम्पातल्या दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. सोबत मी होतो. डॉक्टरांनी जबडा तपासून सांगितलं, खालच्या दातांचं बीजच हिच्या हाडात नाही, जन्मापासून नाही. म्हणजे वरचे आधी आले नव्हते — खालचे येणारच नव्हते. मामाचा त्यात काडीचा संबंध नव्हता. हे मी माझ्या कानांनी ऐकलं. तेवढं लक्षात ठेवा.

डॉक्टरांनी वरच्या-खालच्या दातांना तार बसवली. ती अधूनमधून आवळायची, दात सरळ करायचे, मग मोकळ्या जागेत दोन खोटे दात. पोरीला भाकरी चावेना, आमटीत कुस्करून खायची. तरी खूश होती.

माझ्या तिसऱ्या मुलाला माती देऊन आठवडाही झाला नव्हता. आक्का भेटायला आलेली, आत बायकोपाशी बसलेली. मी मागावर होतो, पाय मागाखालच्या खड्ड्यात सोडून. सुशी माझ्यापाशी आली, ओठ वर करून म्हणाली, "मामा, बघ की, सरळ हुयाला लागल्यात."

मला ते वरचे दात दिसले. तेवढेच दिसले.

हातात धोटा होता — आडवा धागा टाकायचा, दोन्ही टोकांना लोखंड बसवलेला. तो मी तिच्या तोंडावर हाणला. तारेनं ओठ आतून फाटला. पोर ओरडलीसुद्धा नाही, फक्त दोन्ही हात तोंडावर नेले. मी ते हात ओढून बाजूला केले आणि पुन्हा हाणला. पहिला घाव रागाच्या भरात गेला, असं म्हणता येईल. दुसरा? दुसऱ्याला मी नेम धरला होता. वरचे पुढचे दात तारेसकट बाहेर लोंबायला लागले. मागावरचं अर्धं लुगडं रक्तानं भिजलं.

बायका धावत आल्या तेव्हा मीच आधी बोललो. "खड्ड्यात पडली गं. तोंड आपटलं."

सुशीनंही तेच सांगितलं. डॉक्टरांपुढेही तेच — "पाय घसरला माझा." त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि उरलेली तार कापून काढली. तार धरून ठेवायला आता पुढे दातच नव्हते. पुढे सुशीला निपाणीच्या एका बिजवराला दिली, तिच्या बापाच्या वयाच्या. अजून ती तोंडाला पदर लावून हसते.

आक्का मरेपर्यंत म्हणायची, "सुशीचा मामावर लई जीव."

जीव कसला? त्या दुपारी आक्कानं पोरीला विचारलं होतं, "व्हय गं, पडलीस?" पोरीनं उत्तर द्यायच्या आधी माझ्याकडे बघितलं. मी आक्काच्या पाठीमागे उभा होतो. मी धोटा पुन्हा उचलला, तिला दिसेल एवढाच. मग तिनं मान हलवली.