भिंतीवरचे दोन पट्टे

बाबा गेल्यावर पॅसेजची भिंत मी दोनदा रंगवली. दोन्ही वेळा डाग परत आला. पहिल्या वेळी तणतणत रंगाच्या दुकानात गेले, तर दुकानदार डब्यांवरची धूळ झटकत म्हणाला, "मॅडमजी, तेल का दाग है. अंदर से आएगा ही. पहले प्रायमर मारना पड़ता है." दुसऱ्या वेळी प्रायमर मारला, वर रंगाचे दोन हात दिले, आणि चार-सहा महिन्यांत तो पुन्हा उगवला. बाबांच्या खोलीच्या दारापासून बाथरूमपर्यंत आणि तिथून बाहेरच्या खोलीपर्यंत, पिवळट, मेणचट, तळहाताएवढा रुंद. भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई मी नाही, शाळेत गणित शिकवते. पण दुपारी घरी आले की चपला काढायच्या आधी त्या डागाकडे बघायचे आणि म्हणायचे, "आले हो बाबा."

त्याच भिंतीवर खाली, गुडघ्याच्या उंचीवर, दुसरा पट्टा आहे. तो काळपट आहे आणि त्यात गूढ काही नाही, तो आमच्या कुत्र्याचा. आमच्याच गल्लीत जन्मलेला, तांबूस रंगाचा, एक कान दुमडलेला. बाबांनी त्याला घरात घेतलं आणि नाव काही ठेवलं नाही. आमच्या इंदूरमध्ये वाटेतल्या अनोळखी माणसाला हाक मारतात तशी ते त्याला 'भिया' म्हणून हाक मारायचे. चालताना अंग भिंतीला घासत चालायची त्याला सवय. मी म्हणायचे, "याला खाज आहे." बाबा म्हणायचे, "खाज कसली? त्याची स्टाइल आहे ती."

घरात आम्ही तिघंच. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, मी लग्न केलं नाही, आणि बाबा सांवेर रोडच्या एका कारखान्यात स्टोअरकीपरची नोकरी करून निवृत्त झाले होते. अन्नपूर्णेच्या देवळाच्या बाजूला आमचं हे छोटं घर, लांबट, मध्ये बोगद्यासारखा पॅसेज. स्टोअरची शिस्त त्यांनी घरी आणली होती. चष्मा, पाण्याचा तांब्या, छत्री, सगळं ठरल्या जागी. खुर्ची चार बोटं सरकली तरी त्यांना कळायचं. "अगं, खुर्ची कोणी हलवली? पहले बता दिया कर ना, बेटा," असं म्हणायचे, आणि मी वैतागायचे. निवृत्त माणसाची कटकट, दुसरं काय, असं मला वाटायचं.

त्यातच माझ्या डोक्यात घर सजवायचं खूळ शिरलं. फोनवर बायका दाखवतात ना, घरातल्याच वस्तूंतून काय काय बनवायचं ते, त्याचा मला नाद लागला. आईच्या जुन्या साड्यांचे पडदे शिवले. तेलाच्या डब्यांना रंग देऊन कुंड्या केल्या. चिंध्यांची वेणी घालून गोल सतरंजी केली, तिचा मधला भाग भियाने एका दुपारी खाऊन टाकला. बाबांच्या कारखान्यातल्या ओळखीच्या माणसाकडून माल ठेवायच्या लाकडी फळ्यांचे दोन सांगाडे फुकट मिळाले, ते घासून बाहेरच्या खोलीसाठी टेबल केलं आणि पॅसेजसाठी चपला ठेवायचं बाकडं. प्रत्येक वस्तू झाली की मी बाबांना बोलवायचे. ते यायचे, त्यांच्यासोबत भिया यायचा, आणि दोघं उभे राहायचे.

"कुठला रंग दिलास?"

"पिवळा, बाबा."

"वा! पिवळा एकदम खुलून दिसतोय. क्या बात है!"

एवढ्यासाठीच मी हे सगळं करत होते, हे आता कबूल करायला हरकत नाही. शाळेत मला कोणी शाबासकी देत नव्हतं. घरी एक माणूस होता जो माझ्या तेलाच्या डब्यालाही वा म्हणायचा.

मग पॅसेजची पाळी आली. तेव्हाही भिंतीवर हे दोन पट्टे होतेच, वरचा आणि खालचा. खालचा भियाचा हे उघड होतं. वरचा कशाचा, याचा मी विचारच केला नाही. जुनी भिंत आहे, मळते, इतकंच. सुट्टीला जोडून रविवार आला तशी मी बादली, ब्रश घेऊन बसले आणि दोन्ही पट्टे साबणाने खरवडून काढले. वर फिकट पोपटी डिस्टेंपर दिला. पहिला हात वाळायच्या आत भियाने अंग घासलं, आणि पोपटी भिंतीवर तांबूस केसांची रांग चिकटली. माझा पारा चढला. त्याला मी बाहेर ओट्यावर साखळीने बांधलं.

बाबा म्हणाले, "छोड़ दे ना उसको. बिचारा."

"दुसरा हात व्हायचाय अजून. तीन दिवस बांधला तर काय आकाश कोसळणार आहे?"

ते खुर्चीत मागे टेकून बसले.

त्या तीन दिवसांत बाबा खुर्चीतून फारसे उठलेच नाहीत. मला वाटलं, कुत्र्यावरून रुसले. मीही हट्टाला पेटले, म्हटलं रुसू देत. भरलेला तांब्या संध्याकाळी तसाच भरलेला असायचा, तो मी रोज ओतून टाकायचे आणि नवा भरायचे. ते पाणी का पीत नव्हते, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. गणिताच्या बाईला कळायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी दुसरा हात मारला आणि शाळेत गेले. दुपारी परत आले तेव्हा ओट्यावर भिया साखळीला हिसडे देत होता, कण्हत होता. दार उघडलं तर बाबा पॅसेजमध्ये उभे. आणि भिंतभर हाताचे ठसे. ओल्या पोपटी रंगात पाचही बोटं उमटलेली, त्यांच्या दारापासून सुरू झालेली. बाथरूमच्या चौकटीपाशी पोचलेली, ती ओलांडून पुढे गेलेली, बाहेरच्या खोलीच्या उंबरठ्यापर्यंत, आणि तिथून पुन्हा मागे. दोन-तीनदा तरी ते असे आले-गेले असावेत. मी ठेवलेलं बाकडं आडवं पडलेलं होतं आणि त्यांच्या नडगीतून रक्त येत होतं.

मला आधी भिंतच दिसली. मी ओरडले, "बाबा! काय केलंत हे! सगळी मेहनत मातीत घातलीत!"

त्यांनी उजवा हात वर केला. मला वाटलं, हाताकडे बघतायत. त्यांनी तो नाकापाशी नेला आणि हुंगला.

"रंग आहे होय," ते म्हणाले. "तीन दिवस घरभर हाच वास येतोय. कळेना कुठून येतोय ते." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "कुठला दिलास गं?"

तेव्हा त्यांचा पायजमा ओला असल्याचं मला दिसलं. माझे वडील, ज्यांनी आयुष्यात कुणाला साधी पिशवी उचलू दिली नाही, ते स्वतःच्या घरात तीन पावलांवरचं बाथरूम शोधत होते. मी दाराला टेकून खाली बसले आणि रडले. ते म्हणाले, "अगं, रो मत. भिया को खोल दे पहले."

साखळी सोडली तसा तो धावत आत आला आणि बाबांचा पाय आणि भिंत यांच्यामध्ये शिरला. बाबांनी ओल्या भिंतीवर हात टेकला. दोघं निघाले. बाथरूमच्या दारापाशी भिया थांबला, त्याचं अंग बाबांच्या पोटरीला लागलं, आणि बाबा वळले. वर्षानुवर्षं माझ्या डोळ्यांसमोर हेच चाललेलं होतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता फार उशीर झाला आहे, फक्त उजेड-अंधार तेवढा कळतो. काचबिंदू. त्यात म्हणे कडांची नजर आधी जाते. समोरचं नीट दिसत राहतं, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. घराण्यात असू शकतो, तुम्ही दरवर्षी तपासून घ्या, असंही ते म्हणाले. मी हो हो म्हटलं आणि बाबांचे थेंब दिवसातून किती वेळा घालायचे ते विचारलं.

रिक्षात बाबांनी माझा हात धरला. "किसी को बोलना मत, बेटा. आणि मला हाताला धरून चालवायचं नाही. घरात मी माझा जाईन." तेवढंच त्यांनी मागितलं. माझ्या पडद्यांना, कुंड्यांना वर्षभर दिलेली शाबासकी आठवून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मी म्हटलं, "नाही सांगणार."

त्यानंतर मी केलेली घरसजावट ही माझ्या सगळ्या सजावटीत चांगली म्हणायची. हातोदच्या बाजारातून बैलांच्या कासऱ्याचा सुती दोर आणला, जाड, हाताला मऊ. पॅसेजमध्ये जिथे तो वरचा पट्टा होता नेमक्या त्याच उंचीवर हुक ठोकले आणि दोर ओवला. बाबा उंच होते, हुक माझ्या छातीशी आले. बाथरूमपाशी दोरात एक गाठ, बाहेरच्या खोलीच्या उंबरठ्यापाशी दोन. बाकडं ओट्यावर नेलं. टेबल भिंतीला लावलं आणि पुन्हा हलवलं नाही. आल्यागेल्या बायका दोराला हात लावून म्हणायच्या, "अय्या, किती सुंदर! कुठे बघितलंस?" मी सांगायचे, फोनवर. बाबा आतून म्हणायचे, "हमारी बेटी आर्टिस्ट है!"

दोन वर्षं ते तसे चालले. एकदाही पडले नाहीत. शेवटी ताप आला आणि चार दिवसांत गेले. त्या चार दिवसांत त्यांचा उजवा हात गादीच्या कडेवरून पुढे सरकत राहायचा, मध्येच थांबायचा, पुन्हा सरकायचा. मी जवळ बसलेली असायचे. तो हात कुठल्या गाठीपाशी थांबतोय हे मला कळायचं.

तेराव्यानंतर मी दोर काढला. येता-जाता तो दिसायचा आणि मला बघवायचा नाही. गुंडाळून माळ्यावर टाकला, हुकांची भोकं पुट्टीने बुजवली, भिंत रंगवली. पुढचं सुरुवातीला सांगितलंच आहे. डाग आला. मी घाबरले, हे खरं. दुपारी पॅसेजमध्ये घासल्याचा बारीक आवाजही यायचा, कोरड्या तळव्याचा. मग हळूहळू भीती गेली आणि मी त्या डागाची वाट बघू लागले. प्रायमर मारूनही तो उगवला तेव्हा मला बरंच वाटलं. प्रायमरलाही न जुमानता बाबा येतायत, असं मी स्वतःशी म्हटलं.

भियाही बदलला होता. आता तो म्हातारा झालाय. बाबा गेल्यावर बरेच दिवस तो त्यांच्या दारात झोपून असायचा. मग माझ्या पायात पायात करायला लागला. भिंत आणि माझा पाय यांच्यामध्ये शिरायचा, बाथरूमपाशी थांबायचा, उंबरठ्यापाशी थांबायचा, मी पाय उचलला की पुढे. मला वाटायचं, बिचारा बाबांना शोधतोय. मला दुखायचं ते त्याच्यासाठी.

गेल्या रविवारी मी भिंत तिसऱ्यांदा रंगवायला काढली. शाळेतल्या बाई चहाला येणार होत्या, आणि कितीही म्हटलं तरी बाहेरच्या माणसाला तो नुसता मळच दिसतो. रेगमालाचा खरखरीत कागद घेऊन भिंत घासत होते. घासता घासता बोटांना पुट्टीचा उंचवटा लागला, बुजवलेल्या हुकाचा. मग दुसरा. मग तिसरा. बाबांचा हात जिथून जायचा ती ओळ. मी तिच्यावर बोट ठेवलं आणि डाग शोधला.

डाग तिथे नव्हता. तो वितभर खाली होता.

मी हात सोडला. नेहमी चालताना भिंतीकडे जातो तसा, सहज. तो त्या डागावर जाऊन टेकला.

टेबलाच्या कोपऱ्याने मांडीवर उमटलेले काळेनिळे डाग मला आठवले. ते टेबल बाबा असल्यापासून हललेलं नाही. शाळेत पहिल्या रांगेतली मुलं दिसतात आणि कडेची मुलं मला एकदम समोर उगवल्यासारखी दिसतात, ते आठवलं. मी हळूच म्हटलं, "भिया." तो उठला, आला, माझा पाय आणि भिंत यांच्यामध्ये शिरला आणि उभा राहिला. तो बाबांना शोधत नव्हता.

डॉक्टरांची येत्या सोमवारची वेळ घेतली आहे. शाळेतल्या बाईंना चहाला येऊ नका म्हणून कळवलं. मग स्टूल लावून माळ्यावरून दोर खाली काढला. गाठी अजून तशाच आहेत. हुक तेवढे या वेळी वितभर खाली ठोकायचे आहेत.