धुराला हात, कढईत दिरहॅम

हसणार नसाल तर सांगतो. जाऊ दे, हसणारच आहात. माधवी, माझी बायको, अजून हसते, आणि तिने तर ते प्रत्यक्ष पाहिलंही नव्हतं!

गोष्ट दुबईतली, मंदीच्या दिवसांतली. माझ्या कंपनीचा टॉवर आठव्या मजल्यावर थांबला आणि मी, कामाच्या खर्चाचा अंदाज काढणारा एस्टिमेटर, थेट तळमजल्यावर आलो. व्हिसा रद्द. तीस दिवसांत दुसरी नोकरी शोधा, नाहीतर सामान बांधा. त्यातले एकोणीस दिवस संपले होते. मुलगी सातवीत, परीक्षा तोंडावर. रात्री झोपताना आम्ही दोघं छताकडे बघायचो आणि एकमेकांना 'झोप' म्हणायचो.

अशात एका मित्राने सांगितलं, "रास अल खोरला एक इथिओपियन साहेब आहेत, गिर्मा नावाचे. ॲल्युमिनियमच्या खिडक्यांचं वर्कशॉप. नवी बांधकामं बंद पडली, पण जुन्या घरांच्या खिडक्या मोडायच्या थांबतात का? त्यांना एस्टिमेटर हवाय. शुक्रवारी सकाळी देरा भागात एका इथिओपियन कॉफी शॉपमध्ये भेटतात."

निघताना माधवी म्हणाली, "अहो, तिथली रीत आपल्याला माहीत नाही. काही करण्याआधी विचारा."

"मला रीतभात शिकवू नकोस," मी म्हणालो. पंधरा वर्षं परदेशात काढलेला माणूस मी. विचारायचं काय त्यात?

गेलो. दार उघडलं आणि मी थबकलोच. जमिनीवर हिरवंगार गवत पसरलेलं, थेट दूर्वांसारखं. कोपऱ्यात धूप जळतोय. मध्ये बसक्या स्टुलावर एक पोक्त बाई, पांढरं वस्त्र, काठ रंगीत, पुढ्यात निखाऱ्यांची शेगडी. आता तुम्हीच सांगा, तुम्ही असता तर काय समजला असता?

मी बूट काढले.

दाराशी नीट जोडीने ठेवले आणि मोज्यांनी गवतावरून चालत जाऊन बसलो. माझ्यामागून तिघे आले, टाय लावून, हातात फायली. ओळखलं! तेही माझ्यासारखेच, त्याच नोकरीसाठी. पहिला मल्याळी गृहस्थ. त्याने माझे मोजे पाहिले, दाराशी बूट पाहिले आणि गुपचूप आपले काढले. मागच्या दोघांनी त्याचं पाहून काढले. दाराशी चार जोड काळे बूट. लग्नाच्या हॉलबाहेर असतात तसे.

त्या बाईंचं नाव अल्माझ. दुकान त्यांचंच. त्या शेगडीवरच्या लहानशा कढईत कॉफीच्या बिया भाजत राहिल्या. काय वास सुटला होता! बिया काळ्या झाल्या, तडतडल्या, धूर निघाला. मग त्या कढई हातात घेऊन उठल्या आणि एकेकापुढे धरायला लागल्या.

पहिला मी.

धूर येणारं पात्र एक बाई समोर धरते. माझे हात आपोआप पुढे गेले. दोन्ही तळवे धुरावर फिरवले, कपाळाला लावले, डोळे मिटले, मनात म्हटलं, 'नोकरी लागू दे.' आणि खिशातून एक दिरहॅम काढून कढईत टाकला. तेव्हाचे तेरा रुपये! आरतीच्या ताटात मी कधी एवढे टाकले नव्हते.

खण्ण!

अल्माझबाईंनी कढईत पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा कढईत पाहिलं. मी प्रसन्नपणे हसलो.

त्या बिचाऱ्या पुढे सरकल्या. मल्याळी गृहस्थाने धुरावर हात फिरवले, कपाळाला लावले, खिसा चाचपला. खण्ण! तिसरा. खण्ण! चौथ्याकडे सुटं नव्हतं. त्याने शेजाऱ्याकडून उसना घेतला.

तेवढ्यात दार उघडून गिर्मासाहेब आले. उंच, शांत माणूस. त्यांनी दाराशी चार जोड पाहिले, क्षणभर विचार केला आणि स्वतःचेही बूट काढले.

मग कढईत डोकावले. "अल्माझ, टुडे व्हॉट इज द फंक्शन?"

अल्माझबाईंनी चिमटा माझ्याकडे रोखला. त्या तिघांनीही बोटं माझ्याकडे!

"मैं समझा इनको सब मालूम है!" मल्याळी गृहस्थ म्हणाला.

"सर, आय थॉट इट इज युअर कस्टम."

"वुई ओन्ली स्मेल इट," साहेब म्हणाले. "पाहुण्याला वास घ्यायला देतात. तू एस्टिमेटर ना? खिडकी न मोजता आकडा सांगतोस?"

"नो सर."

"मग इथे का नाही मोजलंस?"

"आय शुड हॅव आस्क्ड," एवढंच म्हणालो. खरं सांगतो, त्या क्षणी डोळ्यांपुढे आमची विमानाची तिकिटं दिसली.

बाईंनी चिमट्याने चार दिरहॅम वेचून बशीत ठेवले आणि बिया कुटल्या. कॉफी आली, सोबत लाह्या. एक कप झाल्यावर मी उठायला लागलो, तर बाईंनी हाताने खाली बसवलं. तीन कप प्यायचे असतात म्हणे, मध्ये उठायचं नसतं. त्या तीन कपांत साहेबांनी सगळ्यांशी कामाचं बोलून घेतलं. माझ्याशी सगळ्यात कमी. शेवटी म्हणाले, "आय विल कॉल." या वाक्याचा अर्थ मंदीत सगळ्यांना पाठ झाला होता. मी सगळ्यांत आधी उठलो, बुटांत पाय कोंबले आणि सुटलो.

घरी आलो. माधवीने विचारायच्या आधीच मुलगी म्हणाली, "बाबा, दीज आर नॉट युअर शूज."

खाली पाहिलं. एक नंबर मोठे. आणि शिवणीत अडकलेला ॲल्युमिनियमचा चकचकीत भुगा!

"कुणाचे आहेत विचारलं का नाहीत?" माधवी म्हणाली.

धीर करून फोन लावला. "सर, युअर शूज..."

"आय नो," पलीकडून आवाज आला. "तुझे मला चावतायत. रविवारी सकाळी आठला वर्कशॉपवर घेऊन ये. अँड ब्रिंग युअर मेझरिंग टेप."

"टेप? सर, म्हणजे नोकरी...?"

"अल्माझ म्हणते, जो धुराचेही पैसे देतो तो माझ्या पैशाला हात लावणार नाही. यल्ला, बाय."

फोन ठेवला आणि मी सरळ रडलो. माधवीही. मुलगी म्हणाली, "व्हाय आर यू क्राइंग, इट्स जस्ट शूज!"

रविवारी पावणेआठला रास अल खोरला हजर. एका हातात साहेबांचे बूट, खिशात टेप. वर्कशॉपच्या दारात साहेब उभे, पायांत माझे बूट, टाचा चेपलेल्या. मी मनाशी पक्कं केलं होतं, आता काहीही करण्याआधी विचारायचं. अदबीने वाकलो आणि विचारलं, "सर, इथे बूट काढायचे का?"

साहेबांनी मागे वळून पाहिलं. जमीनभर कापलेल्या पत्र्याचे धारदार तुकडे पसरले होते.

"मिस्टर आपटे," ते म्हणाले, "दिस वन, डोन्ट आस्क."