चीज आणि चीक

दुसऱ्याची फजिती करायला निघालेली शहाणी बाई कशी दिसते, हे बघायचं असेल तर माझा लग्नानंतरचा फोटो बघा. मान अशी ताठ, जणू कर्जतचं जंक्शन माझ्या माहेरच्यांनीच बांधलंय. त्याच दिवसांत मी एक मूर्खपणा केला. समोरच्या बाईचा गैरसमज झालेला मला कळला, आणि गंमत येईल म्हणून मी तो तसाच राहू दिला.

ती बाई म्हणजे आमची दूधवाली मावशी. डोंगराखालच्या वाडीतून यायची. माप ओतून झालं की वर आणखी एक धार सोडायची. सासूबाई "पुरे गं" म्हणाल्या की म्हणायची, "मापाचं दुकानदार देतो." बसायची मात्र कधी नाही. चहासुद्धा मागच्या दारात उभ्यानं, फुंकर न घालता.

ह्यांचे मुंबईचे साहेब बायकोला घेऊन येणार होते. मी कुठून तरी चीजचा डबा पैदा केला होता. तेव्हा आमच्याकडे त्याचं भारी अप्रूप. ब्रेडच्या दोन कापांत हिरवी चटणी आणि चीजची चकती, तिखट-हळदीच्या बेसनात बुडवायचं आणि तापल्या तेलात सोडायचं. आदल्या दिवशी हे सगळं मावशीला ऐटीत ऐकवून मी म्हटलं, "चीज पुरतंय की नाही, कुणास ठाऊक."

"चीक ना? आनते की. आमची ढवळी आजच व्यायलीय."

चीक म्हणजे व्यालेल्या गाईचं पहिलं घट्ट दूध, ज्याचा आपण खरवस करतो. मी ओठ दाबून म्हटलं, "आण हो."

दुसऱ्या दिवशी भर उन्हात ती मुद्दाम दुसरी खेप करून आली. डब्यात हळदीच्या पानावर उकडलेला चीक, बोटभर जाड वड्या पाडलेल्या. "तुमी तिखटमिठाचं म्हनालात, म्हनून गूळ नाय घातला."

कढईत तेल तापलेलंच होतं. एक वडी ब्रेडमध्ये घालून तळली असती तर माझं काय बिघडलं असतं? मी डबा उचलला तो थेट बाहेरच्या खोलीत. "हे बघा आमच्या मावशीचं चीज." साहेब हसले, त्यांची बायको डोळे पुसेपर्यंत हसली. मागच्या दारात मावशीही हसली, सगळे हसतायत म्हणून. मग ओट्यावरच्या पिवळ्या चकत्यांकडे तिचं लक्ष गेलं, आणि ती हसायची थांबली. ते मी मधल्या दारातून पाहिलं. तरी मी हसतच होते.

चीक संध्याकाळपर्यंत आंबला. मी टाकून दिला.

मावशी येत राहिली. वरची धार तेवढी बंद झाली. सासूबाईंनी विचारलं, "मावशी रुसली का गं?" मी म्हटलं, "मला काय ठाऊक." खोटं बोलण्यातही मी तेव्हा हुशार होते.

आता नातवंडं शिळफाट्याहून चीजची पाकिटं आणतात. "आजी, पटकन तळ ना." मी तळते. त्यांना माझ्या सगळ्या फजित्या पाठ आहेत, ही एक मी कधी सांगितली नाही. मावशी जाऊनही बरीच वर्षं झाली.

त्या हसण्यानंतर पंधरवडाभर मी नुसतं दूध घेत राहिले. मग एका सकाळी चहाचा पेला तिच्या हातात देताना म्हटलं, "मावशी, माझं चुकलं. मी हसायला नको होतं."

तिनं चहा संपवला, पेला विसळून पालथा घातला आणि म्हणाली, "तुमी हसलात त्याचं काय नाय, वैनी. पन वासराच्या तोंडचं काढून आनलं होतं. त्याला मी काय सांगू?"