सारजाबाईचं वाचायचं राहिलं

लोणीच्या सारजाबाईची चौथीपर्यंत शाळा झाली होती, आणि तरी तिला वाचता येत नव्हतं. ही गोष्ट लग्नानंतर कितीतरी वर्षं तिच्या नवऱ्याला, हौशीरामालाही ठाऊक नव्हती.

माहेरच्या शाळेत ती हुशारांत गणली जायची. गुरुजी एक ओळ म्हणायचे, पोरं त्यांच्यामागं ओरडायची. सारजाचा आवाज खणखणीत आणि कान तिखट. दोनदा ऐकलं की धडा पाठ. मग गुरुजी तिलाच पुढं उभी करायचे आणि ती पुस्तक हातात धरून अख्खा धडा घडाघडा म्हणायची. बोट एका ओळीवर, तोंड दुसरीवरच. चौथीत तपासणीला साहेब आले, त्यांनी तिच्यापुढं दुसरंच पुस्तक धरलं. सारजा गप्प.

"लाजतीय," गुरुजी म्हणाले. साहेबांनी मान डोलावली आणि पुढच्या पोराकडं वळले.

आपलं काहीतरी राहून गेलंय, हे तिला त्या दिवशी कळलं. काय राहिलंय ते विचारायची सोय नव्हती. सगळे तिला येतं असंच धरून चालले होते.

लग्न होऊन लोणीला आल्यावर दुकानातली साखरेची पुडी सोडली की ती त्या कागदाला हातानं इस्त्री करायची. कधी अर्धी बातमी असायची, कधी एखाद्या गोष्टीचा तुकडा. चित्रात बाई कुठंतरी निघालेली दिसायची. ही कुठं चाललीय, का चाललीय, तिला फार वाटायचं कळावं. मग कागद चुलीत जायचा.

शहाण्णव साली थोरली अक्षदा दुसरीत होती. पोर ओसरीवर धडा म्हणत होती, अगदी फडाफडा. सारजाबाई भाकरी थापता थापता ऐकत होती आणि ऐकता ऐकता तिचा हात थांबला. तो सूर तिच्या ओळखीचा होता. ती उठली, पुस्तकातल्या एका अक्षरावर पिठाचं बोट ठेवलं.

"ह्ये काय गं?"

अक्षदानं लगेच सुरुवात केली, "प, फ, ब, भ, म... म!"

"नुसतं तेवढंच सांग की."

"मधनंच न्हाई येत, आई. पहिल्यापासनं म्हणावं लागतं."

सारजाबाईचंही तसंच होत होतं.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली. अक्षदाच्या वर्गाच्या वृषालीबाई जुन्नरच्या, नोकरीला नुकत्याच लागलेल्या.

"बाई, माजी पोर वाचत न्हाई. पाठ म्हणतीय."

"असं कसं? वर्गात तर छान वाचते."

"मी बी लई छान वाचायची," सारजाबाई म्हणाली. "आजून येत न्हाई मला."

वृषालीबाईंनी त्याच दिवशी एकेका पोराला जवळ घेऊन मधलंच पान वाचायला लावलं. निम्मा वर्ग गप्प उभा राहिला. बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत म्हणतात. मग त्यांनी बाराखडीचा सूर बंद केला. म आणि क ही दोनच अक्षरं घेतली, त्यांना काना दिला, आणि तेवढ्यावरच पोरांना शब्द करायला लावले. ते जमल्यावरच तिसरं अक्षर.

शाळेच्या आवारात हापसा होता. सारजाबाईचा हंडा आता भरता भरेना. हापशाचा दांडा धरून ती खिडकीतून फळ्याकडं बघत राहायची. एक दिवस बाईंनी तिला आत बोलावलं आणि फळ्यावरच्या शब्दावर छडी ठेवली.

"म..." सारजाबाई पुटपुटली. "का." मग एकदम, "मका! आवं बाई, मका हाय ह्यो!"

पोरं हसली, अक्षदा सगळ्यात मोठ्यानं. सारजाबाईनं पदर तोंडाला लावला.

दोन वर्षं ती अशी येत-जात शिकली. हौशीरामाला तेव्हाच कळलं; सुरुवातीला तो म्हणाला, "आता म्हातारपणी शाळा व्हय गं?" पण शेवटी कांद्याची खुरपणी असली तरी दुपारी तोच तिला म्हणायचा, "जा, बाई वाट बघत असतील." आणि जोडाक्षरं सुरू झाली तेवढ्यात वृषालीबाईंची बदली आली. नव्या गुरुजींच्या वर्गातून पुन्हा सूर ऐकू यायला लागला. सारजाबाई हंडा भरून तशीच माघारी यायची.

अक्षदा मात्र सुटली. मिळेल ते वाचत गेली, डी.एड. झाली, आणि दोन हजार दहा साली जुन्नरच्या बाजूला शिक्षिका म्हणून लागली. त्या दिवाळीला तिनं आईसाठी मोठ्या अक्षरांचं गोष्टीचं पुस्तक आणलं.

दोघी अंगणात बसल्या. सारजाबाई एकेक अक्षर उचलत होती. ओळ संपेपर्यंत ओळीची सुरुवात हातातून निसटायची, मग पुन्हा पहिल्यापासून. 'रस्ता' आला आणि जोडाक्षरावर गाडी अडली. अक्षदाला राहवेना.

"रस्ता, आई. रस्ता."

"सांगू नगं गं. माजं मला येऊ दे."

"अगं, अशानं गोष्ट कधी कळायची तुला?"

"तू कशी वाचतीस, पाण्यावानी. मला तसं एकदा वाचायचं हाय. एकच गोष्ट, पण न थांबता."

मंचरच्या एसटीची वेळ झाली तशी अक्षदानं पिशवी उचलली. सारजाबाई तिला फाट्यापर्यंत घालवायला गेली, गाडी हलेपर्यंत उभी राहिली आणि घरी येऊन पुस्तक उघडलं. ऊन अजून अंगणात होतं. ती स आणि त वेगवेगळे म्हणून बघत राहिली.