हँगरमधली झडती

काशिनाथच्या तोंडात मी मारली तेव्हा आम्ही दोघंही चड्डीवर होतो. मागे विमान, समोर हाताची घडी घालून साहेब.

आमच्या कामात नियम आहे. अवजार हरवलं की ते सापडेपर्यंत विमान सुटत नाही आणि माणूसही सुटत नाही. त्या दिवशी एक पाना कमी पडला. साहेब म्हणाले, "कंत्राटवाल्यांचे कपडे उतरवा." कायम नोकरीतले मेकॅनिक बाजूला उभे राहिले. काम तेच. पगार आमच्या दुपटीहून जास्त, आणि अंगावर कपडे.

चाळिशी उलटली तरी मी कंत्राटीच. पहिले माझेच उतरवले. मग बाकीच्यांची झडती घ्यायलाही मलाच लावलं. काशिनाथ अडला.

"चड्डी नाय काढनार. जादा तासांचं पैसं मागतो म्हनून चोर झालो काय रं?"

"वाडीवरचा तू. मला अक्कल शिकवतोस?"

आणि मारली. ओठ फाटला. रक्त छातीवर ओघळलं. साहेब हसले.

आम्ही दोघंही कर्जतचे. मी भिसेगावचा शेतकरी घरातला, तो ठाकूरवाडीकडचा ठाकर आदिवासी. दुसऱ्या कुणावर माझा हात उठला नसता. हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

पाना चाकाच्या कप्प्यात सापडला. तिथं काम मी केलं होतं. मीच विसरलो होतो. साहेबांनी मला बाजूला घेतलं. "काशिनाथचं नाव लावू. फार बोलतो तो. तू गप्प राहा."

मी गप्प राहिलो. त्याची पगारवाढ कापली गेली. माझी झाली.

ती वाढ खाऊन झोप लागेना. माफी मागायला वाडीवर गेलो. तो लाकडं फोडत होता. कुऱ्हाड हातातच ठेवून म्हणाला, "हितं नको. हितं मी नागडा नव्हतो. मारलंस तिथं बोल."

दुसऱ्या दिवशी पाळी सुरू होताना सगळे जमले होते. "तो पाना..." एवढं मी म्हणताच साहेबांनी कॉलर धरून मला शिडीवर आपटलं. भुवई फुटली. मी त्यांचा हात पिरगाळून सोडवला.

"पाना मी विसरलो होतो. काशिनाथला मी मारलं. तो ठाकर आहे म्हणून मारलं. यापुढे झडती होईल ती सगळ्यांची, साहेबांचीही. नाहीतर एकाही माणसाच्या कपड्याला मी हात लावणार नाही. हवं तर कामावरून काढा. काशिनाथ, या सगळ्यांसमोर मी तुझी माफी मागतो."