गोळ्यांची खबर

ती घटना मनातून जात नाही, आणि तिचे मूळ एका शब्दात आहे. बेचाळीसच्या चळवळीनंतरचा हंगाम होता. मी कोपरगाव तालुक्यात फौजदार होतो. साखर कारखान्याच्या रखवालदाराने ठाण्यात खबर आणली, "साहेब, ऊसतोड्यांच्या वस्तीवर गोळ्या येत्यात. बाया कमरंला बांधून आनत्यात."

त्या दिवसांत गोळ्या म्हटल्यावर आम्हाला बंदुकीच्या गोळ्यांखेरीज दुसरा अर्थ सुचत नसे. हत्यारी शिपाई आणि पंच घेऊन भरदुपारी छापा घातला. मोठी माणसे फडात होती. पाचटाच्या झोपड्यांत, कोपी-कोपीत तान्ही मुले होती, पण एकही रडत नव्हते. ते मला तेव्हा जाणवले, उमगले नाही.

पाथर्डीकडची एक ऊसतोड बाई आपल्या तान्ह्या मुलीला बघायला फडातून कोपीत आली होती. तिच्या कमरेच्या चंचीत हरभऱ्याएवढ्या काळ्या गोळ्या निघाल्या. हवालदाराने एक हुंगली. "साहेब, ही तर अफू!"

ठाण्यात विचारले, "कोणाला विकतेस?"

"इकती कशाला? लेकीला देती. फडात नेली तर पाचटानं अंग कापतंय, कोपीत ठिवली तर कुत्री येत्यात. गोळी दिली की सांजपातूर निजती."

"आणि जास्त झाली तर?"

तिने मांडीवरच्या मुलीला पदराखाली घेतले. "मागल्या साली थोरला उठलाच न्हाई." मग म्हणाली, "मला आत घाला, साहेब. पर हिला कोन बघंल?"

एवढ्या गलक्यातही मांडीवरची मुलगी जागी झाली नव्हती. डॉक्टरांना बोलावले. दिवे लागायच्या सुमारास तिने डोळे उघडले.

बाईने विकणाऱ्याचे नाव सांगितले. त्याला शिक्षा झाली, तिला कोर्टाने समज देऊन सोडले. पण एक विक्रेता आत गेला की दुसरा येतो. कारखान्याचे मॅनेजर वस्तीवर चौकी मागत होते, खर्चही सोसणार होते. मी म्हटले, "त्याच खर्चात एक छप्पर, पाळणे आणि मुले सांभाळायला दोन बाया द्या."

ते हसले. "फौजदारसाहेब, चोर धरायचे सोडून पाळणे हलवणार?"

बाया निर्धास्त असल्या की ऊसतोड वाढते, असे टोळीच्या मुकादमाने सांगितले, तेव्हा ते राजी झाले.

शांतता म्हणजे चोख बंदोबस्त, असे मी धरून चाललो होतो. त्या वस्तीची शांतता अफूची होती. कायद्याने गोळी हिसकावता येते. मूल कोणाच्या तरी हाती सोपवावेच लागते.

पुढच्या हंगामात तोच रखवालदार वैतागून आला. "साहेब, त्या छपरात पोरं लई रडत्यात. रातपाळी करून आल्यावर डोळ्याला डोळा लागत न्हाई. कायतरी करा."

"सगळीच रडतात?"

"व्हय, समदीच!"

मी त्याला बसवून चहा पाजला. तक्रार मात्र लिहून घेतली नाही.