देवाला उजवी घालून

सुनंदा मंगळवारी गेली. बुधवारी कॉलेज बंद होतं. गुरुवारी मी दुसऱ्या तासाला वर्गावर गेले आणि सरासरी शिकवली.

आता जे लिहिते आहे ते मी कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. सुनंदाला तर नाहीच – आणि सांगायला हवं होतं ते तिलाच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित तुमच्याशी बोलणं जमेल. थांबत थांबत बोलेन. खरं बोलायला मला वेळ लागतो. खोटं मात्र एकदा फार चटकन बोलले होते.

मी बीडच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. सुनंदा वनस्पतिशास्त्र शिकवायची. आमचे विभाग समोरासमोर – मध्ये व्हरांडा, बारा पावलांचा. एकोणीस वर्षं आम्ही एकाच टेबलावर डबा खाल्ला. ती मला 'आकडेबाई' म्हणायची आणि न विचारता माझी भाकरी मोडून घ्यायची.

लिंबागणेशच्या वाटेवर कौसल्याबाईंचं रान आहे. त्याच्या कडेला पूर्वी एक शेड होती. तिथं जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवत. शेड गेली, शिसं मातीत राहिलं. त्या तुकड्यात पिकवलेलं खाऊ नका, हे कौसल्याबाईंना पहिल्यांदा सांगितलं ते सुनंदानं. आणि नुसतं सांगून ती परतली नाही. मोहरी मुळांतून शिसं ओढून घेते – तर मोहरी पेरायची, वाढली की मुळासकट काढून लांब नेऊन टाकायची, पुन्हा पेरायची. असं करत करत माती कधीतरी खाण्याजोगं पीक देईल. एवढीच तिची कल्पना होती.

"मोहरी पेरायची आन् फोडणीला टाकायची न्हाई? आसलं कसलं पीक ओ ताई?" कौसल्याबाई हसल्या होत्या.

"मातीला जुलाब देतोय असं समजा," सुनंदा म्हणाली.

कौसल्याबाईंना ते तिथल्या तिथं पटलं. मला असं बोलता आलं नसतं. मी बांधावर वही धरून उभी होते आणि मनात म्हणत होते, हिला सगळं किती सोपं जातं. हेही या कबुलीतच धरा.

प्रयोगाची आखणी माझी. चार ओळी, प्रत्येक ओळीत दहा वाफे. एक वाफा मोहरीचा, एक मोकळा, पुन्हा मोहरीचा, पुन्हा मोकळा. तीन हंगाम झाले की सगळ्या वाफ्यांतली माती तपासायची आणि मोहरीच्या वाफ्यांत शिसं खरंच कमी झालं का ते बघायचं. माती हातानं घ्यायची नाही, हा हट्टही माझाच. माणसाचा हात नकळत बऱ्या जागी जातो. म्हणून तंत्रनिकेतनातल्या रफिक सरांना बोलावलं. वाट शोधणारी यंत्रं हा त्यांचा अभ्यासविषय. त्यांची चार चाकांची गाडी झाडाला धक्का न लावता स्वतःची वाट काढायची, नेमक्या वाफ्याच्या मधोमध थांबायची आणि नळीनं मूठभर माती उचलायची. ती माती मी पिशवीत घ्यायची.

पिशव्यांवर मी आधीच आकडे घालून ठेवले होते. एक ते चाळीस. गाडी प्रत्येक ओळीत रस्त्याच्या बाजूनं शिरणार, म्हणून त्याच क्रमानं. स्वच्छ अक्षर, पक्की शाई. मला माझ्या व्यवस्थितपणाचा अभिमान होता.

माती घ्यायच्या दिवशी पहिल्या दोन ओळी नीट झाल्या. तिसरीच्या तोंडाशी शेंदूर फासलेला म्हसोबा आहे. गाडी त्याला वळसा घालू लागली तशा कौसल्याबाई आडव्या आल्या.

"थांबवा ओ! देवाला डावं घालतंय तुमचं यंत्र. आमचा बैलबी आसं जात न्हाई."

रफिक सरांनी गाडी थांबवली. लॅपटॉप मांडीवर घेऊन ते बांधावर बसले. "मॅडम, मी त्याला फक्त अडथळा म्हणून सांगितलं होतं," ते म्हणाले. "देव आहे म्हणून कुठं सांगितलं होतं?" सुनंदा इतकी हसली की तिला ठसका लागला. मग सरांनी वाट बदलली. गाडी देवाला उजवी घालून, म्हणजे देव उजव्या हाताला ठेवून, पलीकडून गेली आणि उरलेल्या मागच्या दोन्ही ओळींत रस्त्याऐवजी दुसऱ्या टोकाच्या विहिरीच्या बाजूनं शिरली. "मॅडम, या दोन ओळी आता उलट्या येतील हां," सर मला म्हणाले.

मी "हो" म्हणाले.

आणि हातातली पुढची पिशवी घेतली. एकवीस. मग बावीस. मग तेवीस.

तुमच्या लक्षात आलं का? ओळीत दहा वाफे. उलट्या टोकानं सुरुवात केली की पहिला येतो मोकळा. माझी वही त्याला मोहरीचा म्हणत होती. पुढचा मोहरीचा – वही म्हणत होती मोकळा. वीसच्या वीस पिशव्या अशा भरल्या. मी का नाही थांबले? लक्ष नव्हतं. कौसल्याबाई आणि सुनंदा देवाला नारळ फोडत होत्या, आणि मला त्यात कुणी बोलावलं नव्हतं. पण ही चूक झाली. चूक कुणाचीही होते. मी तुम्हाला चूक सांगायला बसलेले नाही.

तपासणीचे आकडे आले. मोहरीच्या वाफ्यांची सरासरी आणि मोकळ्या वाफ्यांची सरासरी – जवळपास एकच. तीन हंगामांच्या मोहरीनं काही केलं नव्हतं. स्टाफरूममध्ये मी सुनंदाला कागद दाखवला. तिनं तो दोनदा वाचला.

"असं कसं होईल गं? माझी मोहरी खोटं नाही बोलायची."

"मोहरी बोलत नाही, सुनंदा. आकडे बोलतात."

सगळे हसले. तीही हसली, जरा उशिरानं. ते वाक्य मला इतकं आवडलं की पुढं एका चर्चासत्रात मी तेच वापरलं. आपल्याला हवं ते दिसतं, आकडे मात्र भुलत नाहीत – असा विषय होता, आणि उदाहरण म्हणून सुनंदाची मोहरी. नाव घेतलं नाही. टाळ्या चांगल्या पडल्या.

पुढच्या उन्हाळ्यात वर्गासाठी एक आलेख हवा होता म्हणून तेच आकडे पुन्हा काढले. या वेळी ओळीओळीनं मांडले. पहिल्या दोन ओळींत मोहरीच्या वाफ्यांचे ठिपके खाली, मोकळ्यांचे वर. मागच्या दोन ओळींत बरोबर उलट, आणि अंतरही तेवढंच. आरशात पाहावं तसं. मी त्याच्याकडे किती वेळ बघत बसले ते आठवत नाही. रफिक सरांचं वाक्य कानात आलं – उलट्या येतील हां.

वीस आकडे फिरवून गणित पुन्हा केलं. पाच मिनिटं लागली. मोहरी लागू पडली होती. चारही ओळींत.

बारा पावलं. सुनंदा समोरच होती, तिचा आवाज येत होता. मी उठले नाही. त्या दिवशी वाटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी वाटलं, आधी चर्चासत्राचं काहीतरी निस्तरू. मग वाटलं, कसं सांगणार? सगळे तुझ्यावर हसले ते माझ्या चुकीमुळे, हे वाक्य कुठून सुरू करायचं? तोवर तिनं रानात जाणं थांबवलं होतं. कौसल्याबाईंना तिनं स्वतः जाऊन सांगितलं होतं की आपली मोहरी लागू पडत नाही.

तरी मी तुम्हाला अजून मुद्द्याचं सांगितलेलं नाही. फिरून फिरून त्याच्या जवळ येते आणि बाजूला होते. आता सांगते.

त्यानंतर महिनाभरानं डबा खाताना सुनंदा म्हणाली, "आकडेबाई, एकदा परत बघशील का गं ते? मला उगीच चुकल्याचुकल्यासारखं होतं."

आलेख माझ्या पर्समध्ये होता. घडी घालून, चष्म्याच्या घराखाली.

मी म्हणाले, "बघितले गं. तेच आहेत."

घास तोंडात होता. तो गिळायच्या आत बोलून झालं. तिनं मान हलवली, माझी भाकरी मोडून घेतली, आणि पुन्हा कधी विचारलं नाही. सहा वर्षांत एकदाही नाही. तिचा माझ्यावर विश्वास होता. माझ्या आकड्यांवर नव्हे – आकड्यांवर तर तिला शंका होती, म्हणून तर तिनं विचारलं. विश्वास माझ्यावर होता.

ती आजारी पडल्यावर मी रोज जात होते. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी आम्ही दोघीच होतो. गच्चीवरच्या कुंड्या कुणाला द्यायच्या ते ती सांगत होती. "तुळस आणि गवती चहा तू ने. मोहरी मात्र लावू नको बाई. ती माझं ऐकत नाही."

ती हसावं म्हणून बोलली होती. मी हसले. तेव्हा तरी बोलायचं होतं ना? तिला बोलता येत होतं, ऐकू येत होतं, खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मी तिची उशी नीट केली.

दहाव्याला कौसल्याबाई आल्या. कारखान्यावरून, ऊसतोडीतून एक दिवस सुट्टी घेऊन. माझ्याशेजारी बसल्या. "ताईच्या हातची मोहरी आजून उगवती तिथं, आपसुक," त्या म्हणाल्या. "लई माया लावली व्हती ताईनं. आमी उपटून टाकतो. खायची न्हाई म्हनल्या व्हत्या, तर न्हाई खाल्ली. पर मॅडम, कावून लागू पडली न्हाई ती?"

मी त्यांना पाणी दिलं.

तो तुकडा पडीक आहे. म्हसोबा तिथंच आहे. चाळीस पिशव्या माझ्या विभागातल्या कपाटात, खालच्या कप्प्यात आहेत. त्यांतल्या वीस पिशव्यांवरचे आकडे चुकीचे आहेत. अक्षर माझं आहे.